नत्थूच्या बकरीचा दाखला

नत्थू मेश्राम रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झाला आणि त्यानं बकरी पाळली. पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणी अनोळखी भाजी तोडून आणली की ती आधी नत्थूच्या अंगणात यायची. बकरीनं खाल्ली, दुसऱ्या दिवशी धड उभी राहिली, की नत्थू मिशीवर हात फिरवून सांगायचा, "शिजवा." मगच चुली पेटायच्या. ही इज्जत त्याला पेन्शनपेक्षा प्यारी होती.

हिंदी बोलणारी सून पायल शंकर नगरातल्या एका ऑफिसात अहवाल लिहायची. कीटकनाशक उंदराला किती सोसलं, त्यावरून माणसाला किती चालेल, असे. नत्थू तिला चिडवायचा, "तुमचा उंदीर, माही बकरी. धंदा एकच."

पायलला दिवस गेले आणि करमत्ता भाजीचे डोहाळे लागले. तळ्याकाठी ती भाजी माजली होती, पण त्याच तळ्यात पंडरी भागातल्या कुठल्याशा कापड रंगवण्याच्या कारखान्याचं पाणी उतरायचं. नत्थूनं आठवडाभर बकरीला तीच चारली. बकरी टुणटुणीत. मग त्यानं जुडी सुनेपुढे ठेवली.

पायलनं हात लावला नाही. नत्थूचं डोकं सणकलं. बकरीवर संशय म्हणजे त्याच्यावरच की. पायलनं आवाज न चढवता समजावलं. उंदराला जेवढं सोसतं त्याचा आधी दहावा भाग धरतात, कारण माणूस काही उंदीर नाही. मग त्याचाही दहावा, कारण माणसं तरी कुठे सारखी असतात?

"मंग मी खाऊन पाहतो," नत्थू गुरकावला. "मी तं माणूस आहो ना?"

"हव बाबूजी, लेकिन आप मैं नहीं हो." तिनं पोटावर हात ठेवला. "और मैं भी ये नहीं हूँ."

नत्थूची नजर बकरीकडे गेली, तिच्या भरल्या कासेकडे. तिचंच दूध तो रोज स्वतः तापवून सुनेला द्यायचा. आजचा पेला अजून भरलेलाच होता.

"भाजी तं हिच्याही पोटात गेली," तो हळूच म्हणाला. त्यानं पेला उचलून मोरीत ओतला.

सकाळी शेजारची माया करमत्ताची जुडी घेऊन आली. बकरीनं मान लांबवली. नत्थूनं तिचं दावं आखडून धरलं.

"ही फक्त स्वतःपुरतं सांगते, माया," तो म्हणाला. "आपल्यापुरतं नाही. फेकून दे ते."