हळदीच्या मांडवातला खेकडा

एप्रिल संपत आला की मी शाळेत पुस्तकांचा बाजार मांडते. लोखंडी कपाटातली गोष्टींची पुस्तकं सतरंजीवर पसरायची आणि पहिली ते चौथीच्या एकेका पोराला गळ घालायची, बाळा, सुट्टीत तू हे वाच, छान आहे. माझ्या तोंडून 'छान' निघालं की पोरं त्या पुस्तकापासून दोन हात लांब सरकतात. दुसरीतल्या एका पठ्ठ्याने तर पानं चाळून निकालच दिला, "नको बाई. यात पोरगा शेवटी शाना होतो." 

तरी मी हट्ट सोडत नाही. आमच्या मुरबाडकडे सुट्टी म्हणजे करवंदं, जांभळं, डोहात डुंबणं आणि रोज कोणाची तरी हळद. जूनमध्ये पोरं परत येतात ती काळीठिक्कर होऊन आणि अक्षरं कुठेतरी रानात सांडून.

या वर्षी मला घोर लागला होता तो तिसरीतल्या एका मुलीचा. वर्षभर झगडून ती आत्ता कुठे शब्दाला शब्द जोडायला लागली होती. मोठ्याने वाचायची, अडखळायची, आणि कोणी फिस्सकन हसलं की पुस्तक मिटायची. मग कितीही गोंजारा, उघडायची नाही. सुट्टीभर ते मिटलेलंच राहिलं असतं तर जूनमध्ये पुन्हा श्रीगणेशा. म्हणून तिच्यासाठी मी चपला घ्यायला निघालेल्या खेकड्याची गोष्ट निवडली. 'छान' हा शब्द गिळला आणि म्हटलं, "रोज कोणाला तरी वाचून दाखव."

"कोनाला?" ती म्हणाली. "घरात आत्याचं लगीन. मी वाचाया बसली का सगली हसतात."

"मग जो हसत नाही त्याला वाच," असं सांगून मी मोकळी झाले.

मे महिन्यात त्याच आत्याच्या हळदीचं आमंत्रण आलं. रात्री डीजेपुढे माझे कान टिकत नाहीत, म्हणून मी दुपारीच गेले. स्कूटी वेशीवर येते न येते तोच देवळापाशी बांधलेला भोंगा बोलायला लागला. मला वाटलं, माइकवाला 'हॅलो चेक' करतोय. पण आवाज बारीक होता. "खे... क... डा. खेकडा म्ह... णाला..."

अगं बाई! हा तर माझ्या तिसरीतल्या पोरीचा आवाज! तशीच मांडवापाशी गेले. माइकवाला माइक चालू ठेवून जेवायला गेला होता आणि ही बया, हसणारं कोणी नाही म्हणून, त्या माइकलाच गोष्ट वाचून दाखवत होती. शेजारी मोठा पंखा घरघरत होता, त्यामुळे गावभर ऐकू जातंय याचा तिला पत्ताच नव्हता. आता एक जण जरी खो-खो हसला असता तर या पोरीने पुन्हा पुस्तकाला हात लावला नसता.

मी माइक बंद करायला धावले, तर तिच्या चुलत्याने हात आडवा घातला. खांद्यावर आंब्याचे टहाळे तसेच. "थांबा बाई," तो कुजबुजला, "खेकड्याला चपला भेटतात का बघू." मागच्या दारी बायकांच्या विळ्या थांबल्या होत्या. त्याच बायका, ज्या एरवी सरपंचाला वाक्य पुरं करू देत नाहीत!

मग 'आश्चर्य' आलं. "आ... श... आ..." पोर अडकली. माझे ओठ आपोआप हलायला लागले. चुलता हसतो की काय म्हणून मी डोळे वटारून पाहिलं, तर तोही बिचारा ओठ हलवत होता. "आश्... चर्य!" भोंगा गरजला. आम्हा दोघांचा जीव भांड्यात पडला.

खेकड्याला चपला मिळाल्या, डावी-उजवीचा घोळ झाला, गोष्ट संपली. पण आमच्या लोकांना धीर कुठला? पलीकडच्या आळीतून आरोळी आली, "दुसरी वाच गो!"

पोरीने दचकून वर पाहिलं. मांडवाच्या तोंडाशी उभे असलेले आम्ही दिसलो, माइकचा लाल दिवा दिसला, आणि सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला. तोंड एवढंसं झालं. पुस्तक मिटलं. गेलं, सगळं गेलं, मी मनात म्हटलं. मला त्या आरोळी मारणाऱ्याचा असा राग आला म्हणता!

तेवढ्यात आतून नवरी ओरडली. सकाळी अंगाला हळद लागलेली, त्यामुळे तिला उंबऱ्याबाहेर यायची बंदी. "अगो, मला आत नीट ऐकू नाय आलं! परत वाच, पयल्यापासून!"

पोरीने आतल्या दाराकडे पाहिलं. मग तिने पुस्तक उघडलं, माइक तोंडाशी ओढला आणि अख्ख्या गावाला दम भरला, "कोनी हसायचं नाय हां!"

कोणी हसलं नाही. मला तर आनंदाने हसू आवरत नव्हतं, पण हसायची माझी काय बिशाद!