दोनदा शिकलेली नॉर्वेजियन

उजमाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. मस्कतमधल्या माबेल्याहून बौशरच्या दवाखान्यात जायला साडेपाचची गाडी. त्याआधी दीड तास नॉर्वेजियन. उजमा माझी मुलगी, नर्स. आठ वर्षं त्याच पदावर. नॉर्वेतल्या एका वृद्धाश्रमात जागा मिळावी म्हणून तिने दोन वर्षं ही भाषा घोटली.

मी जन्मभर मस्कतमध्ये लाद्या बसवल्या. आता तिच्याच व्हिसावर राहतो. पहाटेचा चहा माझ्याकडे.

परीक्षा झाली, फोनवर मुलाखतही झाली. शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही बुकमोल लिहिता. आमच्या गावात न्यूनोर्स्क लिहितात. पेशंटच्या नोंदी त्यातच लागतील. तीन महिन्यांनी लिहून दाखवा, मग जागा तुमची."

उजमाने फोन ठेवला आणि वही मिटली.

"एका देशाला दोन लिखावटी कशाला?" मी विचारलं.

"बुकमोल शहराकडची, डॅनिश वळणाची. न्यूनोर्स्क गावागावांतल्या बोलींवरून बांधलेली. दोन्ही सरकारी. कुठली वापरायची ते गाव ठरवतं."

आम्ही घरात कोकणी बोलतो आणि अर्ज पुस्तकी मराठीत लिहितो. तरी हे आधी विचारायचं आम्हाला सुचलं नाही. चूक आमचीच.

"अब्बा, दमले मी आता."

"लादी चुकली तर उखडतात. वरून सिमेंट फासत नाहीत."

"तुमच्या लादीला बारा तासांची ड्युटी नसते."

तरी दुसऱ्या दिवशी साडेतीनला तिच्या खोलीत दिवा लागला.

ती सरावासाठी न्यूनोर्स्कमध्ये नोंद लिहायची आणि मला वाचून दाखवायची. मला एक शब्द कळत नव्हता. पण बसवलेली लादी ठोकली की खाली पोकळ कुठे आहे ते कानाला कळतं. तिचा आवाज अडला की मी म्हणायचो, "इथे पोकळ."

"तुम्हाला काय कळतंय, अब्बा?"

"तू थांबलीस ते कळतंय."

ती चिडायची, पण तेवढं वाक्य पुन्हा लिहायची. कधी वहीवरच डोकं टेकून झोपायची. मी दहा मिनिटं झोपू द्यायचो. जास्त नाही.

तीन महिन्यांनी नोंदी पाठवल्या. आठ दिवसांनी उत्तर आलं, "या." उजमा हसली नाही. युनिफॉर्मवरच आडवी झाली आणि झोपली.

तिचा इथला व्हिसा संपला की माझाही खलास, आणि नॉर्वेत बापाला सोबत नेता येत नव्हतं. म्हणून आठ वर्षांच्या पगारातून मागे टाकलेल्या पैशांत शेवटी दोन तिकिटं आली. तिचं नॉर्वेतल्या बर्गनचं, माझं मुंबईचं.