‘सोडून राहिली’

साहेब गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. आमच्या तालुक्याच्या कोर्टात ते तीन वर्षं न्यायाधीश होते आणि मी त्यांचा स्टेनो. गोंदिया जिल्हा तेव्हा नुकताच भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता. साहेब कोल्हापूरकडचे. इथली बोली त्यांना अर्धीच कळायची, म्हणून साक्षीदाराचं बोलणं शुद्ध मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मला त्याचा अभिमान होता.

प्रत्येक जबानीच्या खाली ‘वाचून दाखवली, बरोबर आहे’ असं टाइप करायची पद्धत होती. वाचत मात्र कुणी नसे. साहेब आल्यावर प्रत्येक जबानी खरोखर मोठ्यानं वाचायला लावू लागले. दुपारच्या जेवणाला उशीर होई, वकील कुरकुरत.

एकदा एका विधवा म्हातारीची साक्ष होती. दीर तिला घरातून काढू पाहत होता. ती कधीच घर सोडून गेली, असं त्याचं म्हणणं. घर कुणाच्या ताब्यात आहे, यावरच सगळं अवलंबून होतं. ती म्हणाली, “देराच्या भेवानं मी घर सोडून राहिली होती.” मी ‘राहिली’चं ‘राहिले’ केलं, ‘भेवानं’चं ‘भीतीने’, आणि निर्धास्त झालो.

वाचून दाखवताच ती साहेबांना सोडून माझ्याकडेच वळली.

“काऊन रे बापू, मी कवा गेली घर सोडून? तू तं इकडचाच ना?”

माझे कान तापले. आमच्याकडे ‘सोडून राहिली होती’ म्हणजे सोडायच्या बेतात होती. मी लिहिलेल्या मराठीत ती घर सोडून दुसरीकडे राहत होती. तिच्याच तोंडून मी तिचं घर घालवलं होतं. मी उठून साहेबांना हा फरक सांगितला.

दिराचे वकील उठले. “साहेब, बाई आता जबानी फिरवून राहिली!”

साहेबांनी चष्मा काढला. “फिरवून कुठे राहिली, वकीलसाहेब?”

सगळं कोर्ट हसलं. आपणही तेच ‘राहिली’ बोलून गेलो हे कळून वकीलही हसत खाली बसले. साहेबांनी म्हातारीला पुन्हा विचारलं, ती अजून त्याच घरात स्वयंपाक करते हे नोंदवलं आणि दुरुस्तीवर सही केली.

नंतर चेंबरमध्ये त्यांनी मला विचारलं, “घरी आईशी कसं बोलता?”

“असंच, साहेब.”

“मग इथं कशाला लाजता? साक्षीदार बोलेल तेच लिहा. अर्थ मला शेजारी कंसात द्या.”

रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून आमच्या जबान्या इथल्या झाडीबोलीत लिहिल्या जाऊ लागल्या. वरून विचारणा झाली, तिचं उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं.

निकाल म्हातारीच्या बाजूनं लागला. तिला घरातून काढायला दिराला मनाई झाली. साहेबांनी निकाल सावकाश समजावून सांगितला. ती हात जोडून उभीच.

“मंग जाऊ मी घरी?”

“जा आजी,” साहेब म्हणाले, “तुमचंच आहे.”