थाम म्हणजे धर

हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. घरच्यांनी नाही, जिनातल्या सोबत्यांनी नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी या जागेवरून चटकन पुढे सरकतो — जणू त्यालाही कळू नये. तुम्हाला सांगतो आहे, कारण मलकापुरात ही गोष्ट अकरा वर्षं हसत हसत सांगितली जाते, आणि ती खोटी आहे.

मी इथल्या एका कापसाच्या जिन-प्रेसचं भांडार सांभाळतो. पट्टे, खिळे, वंगण, गठाणी आवळायच्या लोखंडी पट्ट्या — काय कुठं आहे ते डोळे मिटून सांगेन. सगळ्याची यादी असते. सणाची, प्रवासाची, दुरुस्तीची. आणि कुठली यादी कुठं ठेवली आहे त्याचीही एक. माझा शाळासोबती किसनराव, नांदुऱ्याकडचा, घरची कपाशी असलेला, मला माधवराव म्हणतच नाही. यादीराव म्हणतो. त्याला म्हणू द्या. त्याचा हक्कच आहे — का, ते कळेल.

त्या वर्षी होळीच्या सुमारास बुलढाण्याच्या शाळेत जंगलखात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी पडद्यावर हिमालयाची चित्रं दाखवली. कुमाऊँतली पिंडारी हिमनदी. नदी — आणि बर्फाची! आमच्याकडे बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळून रेल्वेनं येणारी लादी, लग्नाच्या सरबतापुरती. आणि इथं पडदाभर बर्फ, निळ्या भेगांचा, माणूस त्यावर तिळाएवढा. गृहस्थ म्हणाले, वाटेवरच्या शेवटच्या गावात दानसिंग नावाचा वाटाड्या आहे, नवख्यांना बर्फावर चालायला शिकवणं हाच त्याचा धंदा.

परत येताना राजूर घाटात किसनरावानं माझ्या मांडीवर थाप मारली.

"आपन इथं भाजून राह्यलो, अन् लोक बर्फावर चालून राह्यले. काऊन बे यादीराव, आपल्याले पाय नाहीत का?"

"चाळिशी उलटली आपली."

"मंग? बर्फ काय जन्मपत्रिका पाहते का?"

घाट उतरेपर्यंत माझ्या डोक्यात यादी सुरू झाली होती. लोकरीचे मोजे, दोन जोड. खिळे ठोकलेले बूट. तूप लावलेली चिंध्यांची पट्टी. हंगाम संपून जिन बंद झाला तशी आम्ही आवारातल्या उरलेल्या गठाणींवर तालीम सुरू केली. कमरेला मोटेचा नाडा बांधायचा, गठाणींच्या उतरंडीवर चढायचं, वरून एकानं दुसऱ्याला तोलायचं. भर मे महिन्यात, अंगात लोकरीचा सदरा! चौकीदार म्हणाला, "बाबूले ऊन लागलं." खरंच लागलं होतं काहीतरी. इतका हलका मी लग्नातही नव्हतो.

चार गाड्या बदलून काठगोदाम, तिथून मोटारीनं अल्मोडा, मग नुसतं पायी. देवदार, ओढे, डाकबंगले, आणि एका सकाळी झाडांच्या वर — ढग समजून मी नजर खाली घेतली. किसनरावानं माझी मान धरून पुन्हा वर केली. ढग नव्हते ते.

दानसिंग पन्नाशीचा, ठेंगणा, कुठल्याशा साहेबानं दिलेल्या कोटात बुडालेला. भेटल्याबरोबर त्यानं एक पत्र्याचा डबा उघडला. आत चिठ्ठ्या — त्यानं ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांनी लिहून दिलेल्या. "यह कप्तान साहब की, यह डाक्टर साहब की." दोन चिठ्ठ्या त्यानं उलट्या धरल्या होत्या. त्याला वाचता येत नव्हतं. घडीवरून आणि शाईच्या रंगावरून तो माणूस ओळखायचा. पण नवा माणूस त्याला कामावर घ्यायचा की नाही, ते त्या डब्यावर ठरायचं. आम्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि त्याचा हात हातात घेतला.

मग पाच दिवस. काय सांगू तुम्हाला! बर्फात टोकदार कुऱ्हाडीनं पायरी खोदायची तर दोनच घाव, आणि पायरीला उतार आतल्या बाजूला. उतरताना टाच आधी. घसरलात तर पोटावर वळायचं आणि कुऱ्हाडीचं टोक छातीखाली रोवायचं — हे तर त्यानं आम्हाला उतारावर मुद्दाम घसरायला लावून शिकवलं, आणि आम्ही दोघं बाप्ये शाळकरी पोरांसारखे पुन्हा पुन्हा वर जाऊन घसरलो. बर्फाखाली भेग असली तर कुऱ्हाडीच्या दांड्याला पोकळ आवाज येतो. तो आवाज मला दुसऱ्याच दिवशी ओळखता आला! दानसिंग म्हणाला, बाबूजींचे कान पहाडी आहेत. मी ते वाक्यसुद्धा वहीत लिहून ठेवलं.

आणि त्याच्या हाका. "चल" म्हणजे चला, "ढील" म्हणजे दोर सैल, "थाम" म्हणजे — इथंच गंमत झाली. पहिल्यांदा तो "थाम!" म्हणून ओरडला तेव्हा आम्ही दोघं बैलजोडीसारखे जागच्या जागी उभे. आमच्या वऱ्हाडात थाम म्हणजे थांब. त्याच्याकडे थाम म्हणजे धर, पकड, सोडू नको. दानसिंग हसून हसून बर्फावर बसला. किसनराव म्हणाला, "उलटाच मुलूख हाय बे, थाम म्हन्लं का थांबाचं नाही!" मी वहीच्या सतराव्या पानावर लिहिलं: थाम — थांबणे नव्हे. कुऱ्हाड रोवणे, दोराचा वेढा दांड्याला, मूठ घट्ट. त्यापुढे वीस खुणा केल्या. वीस वेळा करून पाहिलं होतं, म्हणून.

बघा, मी किती लांबवतो आहे. बर्फाचं बोलायला लागलो की मला अजूनही थांबवत नाही. ते पाच दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे, आणि आजही आहेत — हेही कबूल करायलाच हवं ना? त्यांच्या टोकाला काय आहे ते माहीत असून?

सहाव्या दिवशी सकाळी एका भेगेवर बर्फाचा पूल होता. दानसिंग आधी पलीकडे गेला. दोर त्याच्यापासून किसनरावाकडे, किसनरावापासून माझ्याकडे. म्हणजे मधल्या माणसाला दोन्हीकडून धरायचं. माझ्या कमरेशी दोराचं टोक बांधलेलं होतं, पण मध्ये बराच दोर वेटोळं करून मोकळा. मी कुऱ्हाड रोवली, दांड्याला वेढा दिला, हात हात दोर सोडू लागलो. किसनराव मधोमध पोचला, मागं वळून हसला — आणि पूल बसला. आवाजसुद्धा मोठा नाही झाला.

"थाम!"

मलकापुरात सांगतात ती गोष्ट इथून अशी: यादीरावांनी घाबरून आपलं वऱ्हाडी थाम ऐकलं आणि नुसते उभे राहिले. किसनराव खाली गेला, पलीकडच्या भिंतीवर आपटला, गुडघा फुटला. दानसिंगनं एकट्यानं त्याला वर काढलं. शब्दाचा घोटाळा. कुणाचा दोष नाही.

तसं झालं नाही.

मी हाक ऐकली. मला ती समजली. मी धरलं. वीस वेळा केलं होतं तसंच — मूठ घट्ट, अंग खाली. दोर दांड्याभोवती करकरला आणि थांबला. किसनराव कडेच्या जेमतेम खाली लटकत होता. त्याच्या टोपीचा गोंडा मला दिसत होता. आणि जड नव्हतं हो! कुऱ्हाड सगळा भार घेत होती. शिकवलेलं सगळं चालत होतं. मी मोजलं — मला सवयच आहे — एक, दोन, तीन, चार.

मग माझ्या डाव्या पायाखाली तो आवाज आला. पोकळ. माझ्या पहाडी कानांनी तो ओळखला.

आणि मी मूठ उघडली.

हात सुटला नाही, घसरला नाही. उघडली. दोर दांड्याभोवतून सुसाट गेला, आणि मी वेटोळ्यावरून उडी मारून मागं झालो. किसनरावाचं सगळं वजन झोका घेऊन दानसिंगवर गेलं. तो पालथा, फरफटत अगदी कडेपर्यंत आला आणि तिथं कुऱ्हाडीवर अडकून राहिला. त्यानं सोडलं नाही. तो तसाच पडून राहिला, मग त्यानं दोर आपल्या कुऱ्हाडीला बांधला, किसनरावाची कुऱ्हाड घेऊन भेगेच्या भिंतीत पायऱ्या खोदल्या आणि गुडघा फुटलेल्या माणसाला वर घेतलं. माझ्या पायाखालचा बर्फ, सांगून टाकतो, फुटला नाही. तो शाबूत होता. मी नंतर जाऊन पाहिलं.

कमरेची गाठ सोडून, लांबची वाट काढून मी पलीकडे पोचलो तोवर तोंडात वाक्य तयार होतं. "मला वाटलं, थाम म्हणजे थांब." किसनरावानं वेदनेतही हसायचा प्रयत्न केला. आणि दानसिंग? त्यानं कपाळाला हात लावला. "कसूर मेरा है, बाबूजी. आपकी बोली मालूम थी, फिर भी वही लफ़्ज़ रखा." माझ्या खोट्याला त्यानं स्वतःच्या हातानं पाया घातला. मी तेव्हा बोलू शकलो असतो. एक वाक्य. मी त्याला पाणी दिलं.

किसनरावाला डोलीतून खाली आणलं. निघताना डाकबंगल्यात दानसिंगनं नेहमीप्रमाणे चिठ्ठी मागितली. आणि मी लिहिली — वळणदार अक्षरात, इंग्रजीत. माणूस कष्टाळू आहे, पण याच्या सूचना नवख्यांना समजत नाहीत. त्यामुळे अपघात झाला. का लिहिलं? कारण माझ्या मते कुठलीही गोष्ट नोंदल्याशिवाय पक्की होत नाही. त्यानं ती चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि डब्यात सगळ्यांत वर ठेवली. म्हणजे पुढच्या माणसाला पहिल्यांदा तीच दाखवता यावी.

इथं किसनराव लंगडत जिनात येतो, बाकावर बसतो, आणि नवा कुणी असला की गोष्ट सुरू करतो. "आमच्या यादीरावले थाम म्हन्लं, तं हा थांबला ना बे!" सगळे हसतात. मी हसतो. पण दर वेळी तो एक वाक्य घालतो: "आंधी अटकलो होतो मी, मंग पडलो." लोकांना ती फोडणी वाटते. मी नुसताच उभा होतो, तर त्याला आधी अटकवलं कुणी? अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नाही. त्यानंही नाही. त्याला ठाऊक आहे का? ते वाक्य म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही.

गेल्या महिन्यात अकोल्याचे एक वकील तिकडे जाऊन आले. मोठ्या हौसेनं सांगत होते. शेवटच्या गावात एक म्हातारा भेटला, म्हणाले, डाकबंगल्यावर पाणी भरतो. पत्र्याचा डबा घेऊन आला. वरचीच चिठ्ठी काढून पुढे केली, केवढ्या अभिमानानं! वाचली आणि आम्ही दुसरा माणूस घेतला. वकील हसले. लोक असं कसं लिहून देतात आणि हे लोक असं कसं जपून ठेवतात, म्हणाले.

मी त्यांना चहा विचारला.

ती चिठ्ठी अशी हवी होती: दानसिंगची हाक स्पष्ट होती. मी ती ऐकली, समजलो, चारपर्यंत पाळली. मग भीतीनं दोर सोडला. त्यानं सोडला नाही.