ड्राफ्टच्या दिवशीचा फोन

आम्ही अमेरिकेत ट्रॉय गावी राहायचो, तेव्हा आमच्या शेजारणीचा मुलगा कॉलेजात फुटबॉल खेळायचा. अमेरिकन फुटबॉल, तो हातात बॉल घेऊन पळतात तो. दारात मावणार नाही एवढं पोरगं, पण मला 'मावशी' म्हणायचं. मीच शिकवलं होतं. शेवटच्या वर्षी त्याचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, आणि आता ह्याला कोण घेणार, या काळजीनं त्याची आई अर्धी झाली.

घेणार म्हणजे ड्राफ्टमध्ये. दर वसंतात व्यावसायिक टीम्स पाळीपाळीनं कॉलेजातली मुलं निवडतात. आदल्या वर्षी सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या टीमची पाळी पहिली. मुलानं आवडनिवड सांगायची नाही. घेतलं तर घरी फोन येतो, नाही घेतलं तर येत नाही. अगदी आपल्याकडच्या मुलगी बघण्यासारखं! मुलीकडचे कसे निरोपाची वाट बघत बसतात, तशी ही मायलेकरं बसणार होती.

आमच्या ह्यांच्या पोटात काही राहील तर शपथ. शनिवारी तिथल्या मराठी मंडळाच्या जेवणात ह्यांनी सगळ्यांना ही बातमी सांगितली, वर शेजारणीचा नंबरही वाटला. "एकटी आहे हो बिचारी, मंगळवारी ड्राफ्ट आहे, जरा चौकशी करा."

आणि आपली माणसं! निकालाच्या दिवशी फोन करून "काय झालं?" विचारलं नाही, तर जेवण कसं जाईल?

मंगळवारी मी तिच्याकडेच होते. टीव्हीवर एकेक नाव पुकारत होते. फोन वाजला, पोरगं झेपावलं. पलीकडून कोणी काका: "लागला का निकाल?" फोन ठेवतंय न ठेवतंय तोच पुन्हा वाजला. एका काकूंनी तर गुडघ्याला कुठलं तेल चोळायचं तेही सविस्तर सांगितलं. पोरगं आपलं "येस मॅम, येस मॅम" करतंय. त्याला फोन आपटता येईना, मला तिथं बसवेना. शेजारीण पांढरीफटक पडली होती. खऱ्या फोनला वाट कुठून मिळणार?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच अनवाणी घरी पळाले आणि एकेकीला फोन लावून झापलं, "अहो, तिकडे फोन करू नका!" शेवटी ह्यांना ऑफिसात लावला. "आज घरी याच तुम्ही!"

परत आले तर फोन गप्प. ते तर जास्तच वाईट. आमच्याच माणसांनी पोराचं वाटोळं केलं असं वाटून मला रडूच फुटलं, आणि ती बाई उलट मलाच पाणी देत होती.

तेवढ्यात वाजला. पोरगं "येस सर" म्हणालं, ऐकत राहिलं, आणि फोन ठेवून मट्‌कन जमिनीवर बसलं. घेतलं होतं!

"ते म्हणाले, तुझा फोन सकाळपासून एंगेज. आम्हाला वाटलं, बाकीच्या टीम्स तुझ्यामागे लागल्यात. कोणी पळवायच्या आत आम्हीच तुझं नाव देऊन टाकलं."

हुश्श! सुटले बाई. मी हसत होते की रडत होते, देव जाणे. ह्यांना मात्र हे आठवडाभर सांगायचं नाही, असं तिथल्या तिथं ठरवलं.

फोन पुन्हा वाजला. कोणी काकूच होत्या, त्यांना झापायचं राहून गेलं होतं. शेजारणीनं स्वतः उचलला आणि कधीही न भेटलेल्या त्या बाईला डोळे पुसत पुसत सगळं पहिल्यापासून सांगायला बसली. आता फोन कितीही वेळ एंगेज राहिला तरी चालणार होतं.