दिगंबरचं वाटप

सुमनचा फोन सकाळी सातला आला. "अक्का, हे गेले हो..." एवढंच ती बोलली. मी सवयीने घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवली, आणि मग त्या टिपणाचीच लाज वाटली. मिहिर, रेवा, माझ्या धाकट्या भावाला, तुमच्या दिगूआजोबांना, जाऊन आता सहा आठवडे झाले. तुम्ही तिकडून विचारलंत, "आजी, ते नक्की काय काम करायचे?" मी म्हणाले, "औषधांच्या गोदामात होते." आयुष्यभर मी हेच उत्तर देत आले. ते अपुरं आहे हे मला ठाऊक होतं.

बीडमधल्या एका सेवाभावी संस्थेचे खेड्यापाड्यांत दवाखाने होते. तिथे औषधं पोचवणं हे दिगंबरचं काम. मी इंग्रजीची शिक्षिका, पुढे मुख्याध्यापिका; चारचौघांत त्याला 'आमचे गोदामवाले' म्हणायची आणि तो हसायचा. एकदा पेरणीच्या आधी त्याच्याबरोबर जीपमधून फिरले. प्रत्येक दवाखान्यापासून मोठ्या इस्पितळापर्यंत किती वेळ लागतो, हे तो घड्याळ लावून मोजत होता. कोणता ओढा आधी भरतो, हे गुराख्यांना विचारत होता. सर्पदंशावरच्या इंजेक्शनच्या कुप्या तो त्यावरून वाटायचा. "गाव किती मोठं ते न्हाई बघायचं, अक्का. रस्ता बघायचा. जिथून पोचायला उशीर, तिथं माल आधी." आमचं गाव बीडपासून अर्ध्या तासावर, म्हणून आमच्या दवाखान्यात कुप्या मोजक्याच.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही सुट्टीला येणार होतात. रेवा बारा वर्षांची, अनवाणी शेतात हुंदडणारी. मी दिगंबरला म्हटलं, आमच्याकडे दहा कुप्या वाढव. तो म्हणाला, "कावून? तुमच्याकडं गाडी हाय, सडक हाय. घाटापलीकडं काय हाय?" मला राग आला. संस्थेचे अध्यक्ष माझे जुने विद्यार्थी. मी त्यांना पत्र लिहिलं, इंग्रजीत, कारण इंग्रजी पत्र टेबलावर पडून राहत नाही हे मला अनुभवाने माहीत होतं. सुबक, मुद्देसूद पत्र. आमच्या गावाची लोकसंख्या, शाळेची पटसंख्या, सगळं खरं. तुमचा उल्लेख मात्र त्यात नव्हता.

चार दिवसांनी दिगंबर स्वतः एसटीने खोका घेऊन आला. घाटापलीकडच्या दवाखान्यातूनच तो काढावा लागला होता. दुसरीकडे शिल्लक नव्हतं. पाणी पिऊन म्हणाला, "तुझं इंग्रजी लई भारी, अक्का. पर साप काय अर्ज वाचून येत न्हाई."

तुम्ही तीन आठवडे राहिलात. विंचूसुद्धा दिसला नाही. त्याच दिवसांत घाटापलीकडे खुरपणी करताना शेवंताबाई नावाच्या बाईंच्या उजव्या पायाला घोणस चावली. तिथल्या कुप्या कमी पडल्या, ओढ्याला पाणी, गाडी लांबून वळवावी लागली... बाई वाचल्या, पण पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. संस्थेने दिगंबरकडे खुलासा मागितला. त्याने लिहून दिलं, "वाटपाचा अंदाज माझा चुकला." त्याच्याकडून वाटप काढून घेतलं. मला सगळं कळलं होतं. मी एक ओळसुद्धा लिहिली नाही. ना मराठीत, ना इंग्रजीत.

मिहिर, आता तू हेच शिकतो आहेस. भूकंप, पूर, युद्ध, कुठेही मदत कशी पोचवायची. मागच्या महिन्यात तू उत्साहाने सांगत होतास, "आजी, बहुतेक वेळा माल कमी नसतो गं. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या दारात तो पडून राहतो." मी फोन लवकर ठेवला. तुला वाटलं, मी थकले.

तेराव्यानंतर सुमनला मदत करायला दिगंबरची खोली आवरत होते. खाटेखाली पाच गमबूट ओळीने ठेवलेले. नवे कोरे, सगळे उजव्या पायाचे. मी विचारलं, "डावे कुठे गेले?" सुमन म्हणाली, "दर साली पेरणीआधी जोड घ्यायचे अन् डावा तेवढा शेवंताबाईला नेऊन द्यायचे. उजवा तिच्या डोळ्यांपुढं नको म्हणून घरी आणायचे. मी म्हणायची, टाकून तरी द्या... तर बोलायचेच न्हाईत." मी सुमनला पत्राचं सांगितलं. ती म्हणाली, "यांचं नाव खराब झालं, अक्का. आता लिहा की. तुमाला लिहिता येतं." म्हणून हे लिहिते आहे. अंदाज दिगंबरचा चुकला नव्हता. मी तो बदलायला लावला.

यंदाचा जोड मी घेतला. शेवंताबाई दारात शेळीला पाला घालत होत्या. "सायेब न्हाई आले?" मी सांगितलं, ते गेले. मग पत्राचंही सांगितलं, एकही मुद्दा न गाळता. त्यांनी कुबडीवर भार देऊन बूट चढवला, जमिनीवर दोनदा आपटून पाहिला आणि म्हणाल्या, "चावतोय. म्होरच्या साली एक नंबर मोठा आना."

उजवा मी घरी आणला आहे. दिवाळीत याल तेव्हा दारात, चपलांच्या शेजारी, तो एकटा दिसेल. कुणाचा म्हणून विचाराल, आणि तेव्हा मी पुन्हा अपुरं उत्तर देईन, या भीतीने आधीच सांगून ठेवलं.