शेवटच्या ओळीतला कर्नल

भाईला लेकीचं जावळ बघायचं होतं. तो आखातात, रजा मिळेना. आमच्यात सातव्या दिवशी अकीका करून बाळाचे केस उतरवतात. भाईसाठी अम्मीने ते एकविसाव्या दिवसावर ढकललं होतं. जाताना तो महाडच्या घरी लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर ठेवून गेला होता आणि तो चालवणारी मी, त्याची धाकटी बहीण. चालवणारी कसली! तो फोनवर सांगायचा, मी टाइप करायचे.

नेटवरून जावळ दिसावं म्हणून वेबकॅम त्याने ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला, सोबत एक सीडी. कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, म्हणे आपल्याच मशीनवर बनवून घ्यावा लागतो. त्यासाठी कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि त्याच्या हेडर नावाच्या फायली, दोन्हींच्या आवृत्तीचा आकडा एकच हवा. मी सीडीवरून दोन्ही नवे टाकले, मशीन बंद करून चालू केलं. ड्रायव्हर बनवायला घेतला, तर स्क्रीनवर तक्रार: चालू कर्नलचा आकडा एक, हेडरचा दुसराच.

"नवा कर्नल टाकलास ना?" भाईने फोनवर विचारलं.

"टाकला रे बाबा!"

"मग जुनाच कसा दाखवतोय?"

"मला काय विचारतोस? शहाणा तू!"

पुन्हा टाकायला गेले, तर मशीन म्हणतं, आधीच टाकलेला आहे. अरे, आहे तर मग चालू का होत नाहीस? तीन दिवस माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. आकडे वहीत उतरवून काढले, उलटसुलट ताडून पाहिले. काही म्हणजे काही कळेना.

एकविसाव्या दिवशी सकाळीच न्हावी आला. "अम्मी, जरा थांबव ना त्याला," मी म्हटलं.

"आज एकविसावा हाय. अजून किती थांबायचं गो?"

तेवढ्यात भाईचा फोन. "मशीन चालू होताना कर्नलांची यादी येते, त्यातली कुठली ओळ घेतेस?"

"जाताना तू सांगितलेली. शेवटची. बाकी कशाला हात लावू नकोस म्हणाला होतास."

"अगं, नवा कर्नल यादीत सगळ्यात वर येतो. शेवटची ओळ जुन्याची," तो म्हणाला.

फोन आपटून मी धावले. मशीन पुन्हा चालू करून वरची ओळ घेतली. आकडे जुळले. ड्रायव्हर बनायला लागला, संपता संपेना. शेवटी कॅमेऱ्याचा दिवा लागला, नेट जोडलं आणि मी बाळाला आणायला वळले, तर दारात भाभी उभी. खांद्याशी तुळतुळीत डोक्याचं बाळ, हातात रुमाल, रुमालात केस.

मला रडूच कोसळलं. आज्ञाधारकपणाचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

भाभीने बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं. चित्र अडखळत जात होतं. भाईने टाइप केलं, "आधी केस."

मी रुमाल उघडून धरला. कॅमेऱ्याजवळ नेला, जरा मागे घेतला.

"हलवू नकोस," त्याने लिहिलं. मग पुढची ओळ आली, "केवढे होते गं."